पोपडा उलटा करून बघा
वाचकांचे प्रश्न: मेटलायझिंग आणि स्प्रे कोटिंग

मागच्या अंकात मी लोखंड गंजू नये म्हणून त्यावर वितळलेल्या जस्ताचा नाहीतर ॲल्युमिनियमचा फवारा मारतात, ज्याला मेटलायझिंग म्हणतात, त्याबद्दल जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गनमध्ये दोन तारा येतात, त्यांच्या टोकांमध्ये वीज खेळते, तारा वितळतात आणि मागून येणारी कॉम्प्रेसरची हवा त्या वितळलेल्या धातूचे बारीक थेंब करून जॉबवर, म्हणजे ज्या वस्तूवर काम चाललंय तिच्यावर, मारते. याला आर्क स्प्रे म्हणतात. तारेऐवजी पावडर आणि विजेऐवजी ऑक्सिजन-इंधनाची ज्योत अशाही पद्धती आहेत. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी, झुरिचच्या मॅक्स उलरिक शूप नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभी केली. आता पत्रांकडे वळतो.

प्रश्न: सर, माझं लोट्याला छोटं फॅब्रिकेशन आहे. एका केमिकल प्लांटच्या पाइप रॅकचं स्ट्रक्चर जुलैत बाहेरून मेटलायझिंग करून घेतलं, ॲल्युमिनियम २०० मायक्रॉन. जाडीच्या गेजवर सगळीकडे २१० ते २४० दाखवत होतं, मी स्वतः बघितलं. दिवाळीच्या आधी पोपडे सुटायला लागले. पार्टी म्हणते तारेत भेसळ होती, स्प्रेवाला म्हणतो तारेचं सर्टिफिकेट आहे. खरं कोण बोलतंय? — एक फॅब्रिकेटर, लोटे

उत्तर: दोघंही तारेवर भांडतायत आणि माझ्या अनुभवात दहातल्या आठ-नऊ वेळा तारेचा काहीच संबंध नसतो. तुम्ही एक काम करा, सुटलेला पोपडा हातात घ्या, चांगला अंगठ्याएवढा तरी घ्या, आणि तो उलटा करून उन्हात बघा. वरची बाजू कुणीही बघतं, गोष्ट सगळी खालच्या बाजूला लिहिलेली असते.

ती बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असेल, स्टीलच्या डब्याच्या झाकणासारखी, तर जॉबला दातच काढले नव्हते, म्हणजे ब्लास्टिंगने, हवेच्या जोरावर कडक दाणे मारून, लोखंड साफ आणि खडबडीत केलंच नव्हतं. त्यावर तपकिरी झाक असेल तर ब्लास्टिंग झाल्यावर जॉब पडून राहिला, त्यावर गंजाचा पहिला थर बसला आणि मग त्या गंजावर फवारा मारला. पोपडा मध्येच फाटला असेल, म्हणजे अर्धा हातात आणि अर्धा अजून लोखंडावर चिकटलेला, तर मात्र स्प्रे करणाऱ्याकडे बोट दाखवा, गन फार लांब धरली असेल, हवेत तेल-पाणी असेल नाहीतर दोन थरांच्या मध्ये धूळ बसली असेल.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी कुणी फसवणार नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, थेंब हवेतून जॉबवर येतो, तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसा पसरतो आणि तिथल्या तिथे गोठतो. खालचं लोखंड फार तर शंभर-सव्वाशे अंशापर्यंत जातं, वितळत तर नाहीच. म्हणजे हे वेल्डिंग नाही, इथे धातू धातूत मिसळत नाही. थेंब गोठताना आकसतो आणि लोखंडावर जे डोंगर-दऱ्या असतील त्यांना घट्ट धरून बसतो, जवळजवळ सगळी पकड तेवढीच. दऱ्याच नसतील तर धरणार कशाला? म्हणून या कामाला साधं ब्लास्टिंग चालत नाही, एसए ३ लागतं, म्हणजे साफ करण्याचा सगळ्यात वरचा दर्जा, लोखंड पांढरं दिसेपर्यंत, डाग म्हणून नको, आणि खडबडीतपणा साधारण ७५ ते १०० मायक्रॉनच्या आसपास, तोही टोकदार. शॉट म्हणजे गोल दाणे मारून केलेला खडबडीतपणा बोटाला लागतो, गेजवरही येतो पण तो वाट्यांसारखा असतो, त्यात कोटिंग बसतं आणि हलकेच निघूनही येतं. ग्रिटच हवी, म्हणजे कोनांचे दाणे, आणि तीही सारखी फिरवून फिरवून तिचे कोन झिजलेले नकोत. मी शॉपमध्ये पांढरा सुती हातमोजा घालून ब्लास्ट केलेल्या पत्र्यावरून हात फिरवायचो, मोजा जागोजाग अडकला पाहिजे, धागे ओढले गेले पाहिजेत. सरळ घसरला तर जॉब परत ब्लास्टिंगला. हे काही स्टँडर्डमध्ये लिहिलेलं नाही, रेप्लिका टेपने, म्हणजे खडबडीतपणाचा ठसा घेणाऱ्या पट्टीने, मोजून घ्याच, पण हातमोजा दहा सेकंदांत सांगतो.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात खटकलेला शब्द म्हणजे जुलै. कोकणात, जुलैत, बाहेर. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, २६ अंशांच्या वर असतो. नियम असा आहे की लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. म्हणजे तुमचा जॉब निदान सव्वाएकोणतीस अंश पाहिजे आणि पावसाळी हवेत सावलीतलं जड लोखंड तेवढं नसतंच, रात्रभर थंड झालेलं असतं. डोळ्याला ओलं दिसत नाही पण पाण्याची पापुद्र्यासारखी झिलई त्यावर असते. ब्लास्टिंगनंतर चार तासांत फवारा मारा असं सगळीकडे छापलेलं असतं, कोकणातल्या पावसाळ्यात मी चार तास कधीच धरले नाहीत, तासाभरात रंग बदललेला बघितलाय.

हे मी शिकलो तेही फुकट नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्याच्या टाकीचं काम होतं, उद्या सकाळी क्रेन येणार म्हणून रात्री दहाला पाऊस थांबल्या थांबल्या आम्ही ब्लास्टिंग केलं आणि चहा पिऊन फवारा मारला. दिसायला असं सुंदर झालं होतं की मालकाने फोटो काढून घेतले. आठव्या दिवशी टाकी उभी करताना साखळी घासली आणि हातभर पट्टा पापडासारखा उचलून आला, खालची बाजू तपकिरी. पूर्ण टाकी परत ब्लास्ट केली, पैसे आमच्याच खिशातून गेले आणि ते बरोबरच होतं.

तेव्हा तुमची तार बहुतेक चांगलीच आहे. पोपडे दाखवून ब्लास्टिंगचं रेकॉर्ड मागा: त्या दिवशीचं हवेचं आणि पत्र्याचं तापमान, आर्द्रता, ब्लास्टिंग संपल्याची वेळ आणि स्प्रे सुरू झाल्याची वेळ. बहुतेक ते रेकॉर्ड नसेल आणि तेच उत्तर आहे. शिवाय जाडीचा गेज पकड मोजत नाही, तो फक्त जाडी मोजतो. पकड मोजायला डॉली, म्हणजे धातूची छोटी गोटी, थरावर चिकटवून ओढायची टेस्ट असते, पुढच्या ऑर्डरमध्ये ती लिहून घ्या आणि प्रत्येक शिफ्टला त्याच गनने एक नमुन्याची पट्टी मारून ती वाकवून बघायची हेही लिहून घ्या. केमिकल प्लांटच्या आणि खाडीच्या जवळ आहात तर ब्लास्टिंगच्या आधी गोड्या पाण्याने जॉब धुवा. मीठ नुसत्या ब्लास्टिंगने पुरतं जात नाही, दऱ्यांच्या तळाला बसून राहतं.

प्रश्न: गॅल्व्हनायझिंग स्वस्त पडतं मग मेटलायझिंग कशाला करायचं? — वाळूज

उत्तर: जॉब बाथमध्ये मावत असेल, ४५० अंशाच्या जस्तात बुडवल्यावर वाकणार नसेल आणि तुमच्या इथपासून प्लांटपर्यंत नेता येत असेल तर गॅल्व्हनायझिंगच करा, मनापासून सांगतोय. ते आतून-बाहेरून सगळीकडे लागतं, पाइपच्या आतसुद्धा. फवारा फक्त गनला जे दिसतं तिथेच लागतो, हे त्याचं मोठं दुखणं आहे. पण पातळ पत्र्याचं मोठं काम, बाथपेक्षा लांब गर्डर, साइटवर उभं असलेलं स्ट्रक्चर किंवा जस्ताऐवजी ॲल्युमिनियम हवं असेल, तर मग मेटलायझिंग. आणि जाडी तुमच्या हातात राहते. सहा मिलिमीटरच्या वरच्या लोखंडावर गॅल्व्हनायझिंगला सरासरी ८५ मायक्रॉन मागतात, इथे तुम्ही २०० मागा, २५० मागा.

प्रश्न: नमस्कार सर. आम्ही वास्कोला बार्ज दुरुस्तीचं काम करतो. जस्ताची तार किलोला महाग की ॲल्युमिनियमची यावरच आमच्याकडे वाद चालतो. बार्जला नक्की काय मारावं? — वास्को, गोवा

उत्तर: भाऊ, किलोवर वाद घालूच नका, चौरस मीटरवर घाला. एका चौरस मीटरवर १०० मायक्रॉनचा थर म्हणजे ॲल्युमिनियम साधारण २७० ग्रॅम आणि जस्त साधारण ७१० ग्रॅम, कारण जस्त अडीचपटीहून जड आहे. हे जॉबवर बसलेलं वजन झालं, वाया जाणारा फवारा वेगळा धरा, निदान तिसरा हिस्सा तरी उडून जातो आणि अँगल-चॅनेलसारख्या अरुंद जॉबवर त्याहून जास्त. तुमच्याकडच्या दराने हा गुणाकार करून बघा, बऱ्याच वेळा किलोला महाग वाटणारी तार मीटरला स्वस्त निघते.

आता कुठे काय. जस्त हे जास्त उदार, ओरखडा पडला की स्वतः झिजून शेजारच्या उघड्या लोखंडाला सांभाळतं. पण खाऱ्या पाण्यात आणि खाऱ्या फवाऱ्यात ते लवकर संपतं. ॲल्युमिनियम स्वतःवर ऑक्साइडची झिलई धरतं आणि सावकाश जातं, म्हणून समुद्रासाठी माझं मत ॲल्युमिनियम. हे नुसतं माझं मत नाही, अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने फवारा मारलेल्या पट्ट्या समुद्राच्या पाण्यात आणि किनाऱ्यावरच्या हवेत १९ वर्षं ठेवल्या आणि १९७४ मध्ये निकाल छापला, ॲल्युमिनियमचा ८० ते १५० मायक्रॉनचा थर असलेल्या पट्ट्यांचं लोखंड १९ वर्षांनी शाबूत होतं. उलट चुन्याचं, सिमेंटचं, अल्कलीचं पाणी असेल तिथे ॲल्युमिनियम नको, तिथे जस्त बरं. गरम पाण्याच्या टाकीत जस्त नको, साठ-सत्तर अंशाच्या पुढे जस्त आणि लोखंडाचं नातं उलटं होऊ शकतं, मग जस्ताला वाचवायला लोखंडच खाल्लं जातं. पंच्याऐंशी टक्के जस्त आणि पंधरा टक्के ॲल्युमिनियम अशी मिश्र तारही मिळते, किनाऱ्यावरच्या पुलांना ती चांगली चालते.

बार्जचं म्हणाल तर केबिन, डेकवरचं स्ट्रक्चर, रेलिंग, कोमिंगची (होल्डच्या तोंडाभोवतीच्या उभ्या कडेची) बाहेरची बाजू इथे ॲल्युमिनियम मारा, पैसे वसूल होतील. होल्डच्या आत, म्हणजे माल भरतात तिथे, मात्र मारू नका. तिथे खनिज पडतं, ग्रॅब घासतो, ॲल्युमिनियम मऊ धातू आहे, दोन फेऱ्यांत सोलून निघेल आणि मग नाव मेटलायझिंगचं खराब होईल. पाण्याखालच्या भागाला मारणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवाळ-शिंपले बसू नयेत म्हणून लावतात ते तांब्याचं अँटीफाउलिंग पेंट थेट ॲल्युमिनियमवर कधीच लावायचं नाही, तांबं ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं.

प्रश्न: सर, मी मूळ रत्नागिरीचा, सध्या आखातात एका ऑफशोअर यार्डमध्ये पेंट इन्स्पेक्टर आहे. इथे ॲल्युमिनियम स्प्रेवर फक्त पातळ सीलर मारू देतात, वर इपॉक्सी मारायला बंदी. पण आपल्याकडे रेल्वेच्या गर्डरवर मेटलायझिंगच्या वर प्रायमर आणि पेंट सगळं मारतात. कोण चुकतंय?

उत्तर: कुणीच चुकत नाहीये, आणि प्रश्न इतका चांगला आहे की मी दोन वेळा वाचला.

आपल्या रेल्वेच्या पद्धतीत गर्डरवर १५० मायक्रॉन ॲल्युमिनियम, मग एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा, मग झिंक क्रोम प्रायमर आणि वर ॲल्युमिनियम पेंट. कोकण रेल्वेने जाताना पुलाचे चंदेरी गर्डर बघितले असतील, तो रंग वरच्या पेंटचा आहे. हे पेंटचे थर पातळ असतात, गर्डर हवेत असतो, ओला होतो आणि वाळतो, पाण्यात बुडून राहत नाही. तिथे पेंट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना मदत करतात.

उत्तर समुद्रात वेगळं घडलं. तिथे १९८४ मध्ये हटन नावाच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ॲल्युमिनियमचा फवारा पाण्याखालच्या भागांना वापरला आणि तो उत्तम टिकला. मग लोकांना वाटलं की यावर जाड इपॉक्सी चढवलं तर दुप्पट टिकेल, आणि काही ठिकाणी काही वर्षांतच फोड आले, ॲल्युमिनियम पांढरा चिखल होऊन बाहेर पडायला लागलं. कारण असं की जाड पेंटला कुठेतरी चीर पडते, खारं पाणी आत शिरतं, ॲल्युमिनियमचं क्लोराइड तयार होतं आणि त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन आम्ल बनतं. उघड्यावर असतं तर ते धुऊन गेलं असतं, पण पेंटखाली कोंडलेलं असल्यामुळे आम्ल वाढत जातं आणि ॲल्युमिनियम आम्लात वेगाने विरघळतं. म्हणजे झाकलं म्हणून गेलं. म्हणून नॉर्वेच्या नॉरसोक स्टँडर्डने सीलरपुरतंच ठेवायला लावलं. सीलरचं काम छिद्रांत मुरायचं आहे, वर थर चढवायचं नाही. गेजवर जाडी वाढलेली दिसली तर सीलर जास्त झालाय असं समजा.

तुमच्या यार्डमध्ये इन्सुलेशनखाली जाणाऱ्या गरम पाइपांनाही हेच मारत असतील. तिथे तर याला तोड नाही. इन्सुलेशनमध्ये पाणी शिरतं, पाइप ५० ते १७५ अंशांच्या मध्ये गरम असतो आणि साधं पेंट काही वर्षांत संपतं, बाहेरून क्लॅडिंगचा पत्रा चकचकीत आणि आत पाइप कागदासारखा पातळ. ॲल्युमिनियमच्या फवाऱ्याला तिथे पंचवीस-तीस वर्षांचा हिशोब धरतात. आपल्याकडच्या केमिकल प्लांटमध्ये हे फार कमी ठिकाणी बघतो याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण इन्सुलेशनखाली फुटलेला पाइप शेजारी उभ्या माणसाला सावध व्हायला वेळ देत नाही.

प्रश्न: आमच्या साखर कारखान्यात ज्यूस पंपाचा शाफ्ट ग्लँडच्या (गळती रोखणाऱ्या पॅकिंगच्या) जागी आणि बेअरिंगच्या सीटवर मिलिमीटरभर झिजलाय. सीझन तोंडावर आहे. वेल्डिंगने भरला तर वाकतो. स्प्रेने भरता येईल का? — मेकॅनिकल विभाग, वाळवा तालुका

उत्तर: येईल आणि चांगला भरता येईल, वाकणार नाही कारण जॉब तापतच नाही. पण आधी शाफ्टला डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात मुरून तो दाखवणारा रंग, लावून तडा बघा. तडा असला तर इथेच थांबा, स्प्रेचा थर शाफ्टला ताकद देत नाही, फक्त माप देतो. हे वाक्य वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

काम असं चालतं. लेथवर झिजलेला भाग सारखा उतरवून घ्यायचा म्हणजे नवा थर सगळीकडे एकसारखा बसेल. उतरवताना दोन्ही बाजूंना मूळ शाफ्टचा खांदा ठेवायचा, कट टोकापर्यंत काढत न्यायचा नाही. थराची कडा उघडी राहिली की बेअरिंग ठोकताना पहिली तीच सुटते. कोपरा काटकोनात नको, थोडा उतरता ठेवा. वर्षानुवर्षं तेल-रस मुरलेला शाफ्ट असेल तर गरम करून तेल बाहेर काढा आणि पुसा, नुसतं थिनरने पुसून भागत नाही. मग ब्लास्टिंग, मग निकेल-ॲल्युमिनियमच्या तारेचा पातळ बाँड कोट, म्हणजे पकडीचा थर, मग वर १३ टक्के क्रोमची स्टील तार, मापापेक्षा थोडं जास्त चढवून ग्राइंडिंग. ग्लँडच्या जागी ग्राइंडिंगच्या आधी सीलर मुरवा, नाहीतर छिद्रांतून रस आत शिरून खालचा शाफ्ट गंजवेल.

कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कडेला आणि दात-आट्यांवर स्प्रे करू नका, तिथे एका बिंदूवर मार बसतो आणि थर फुटतो. आणि एक, तुमच्याकडे मिल रोलरच्या दातांवर चालत्या गाळपात जे आर्किंग करतात ते वेल्डिंग आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. दोन्हीला लोक "आर्क" म्हणतात आणि ऑर्डर चुकीची जाते.

प्रश्न: मी चंद्रपूरला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. वीज केंद्राच्या बॉयलर ट्यूबवर राखेने होणारी झीज हा आमचा प्रोजेक्ट आहे. सगळे टंगस्टन कार्बाइड म्हणतात कारण ते सगळ्यात कडक. बरोबर आहे का? — एक विद्यार्थिनी

उत्तर: कडक आहे हे बरोबर, पण तू तापमान विचारलंस का कुणाला? टंगस्टन कार्बाइड साधारण ५०० अंशाच्या पुढे हवेत टिकत नाही, ऑक्साइड व्हायला लागतं. थंड जागी मात्र ते राजा आहे. हिमाचलमध्ये सतलजवर नाथपा झाकडी म्हणून १५०० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे, हिमालयातली नदी पावसाळ्यात क्वार्ट्झची बारीक वाळू घेऊन येते आणि टर्बाइनचं स्टेनलेस स्टील पॉलिश पेपरने घासल्यासारखं खाते. तिथे रनरवर, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकावर, टंगस्टन कार्बाइड-कोबाल्ट-क्रोमचा थर एचव्हीओएफने, म्हणजे अतिवेगाच्या ऑक्सिजन-इंधनाच्या गनने, चढवतात. या गनमध्ये इंधन आणि ऑक्सिजन बंद चेंबरमध्ये जळतात, वायू आवाजाच्या कितीतरी पट वेगाने बाहेर पडतो आणि पावडरचा कण सेकंदाला ५०० मीटरच्या वर जाऊन आपटतो, म्हणून थर इतका दाट बसतो की छिद्रं एक टक्क्याच्या आत. पाणी थंड, वाळू कडक, तिथे हेच हवं.

तुझी ट्यूब गरम आहे. तिच्या धातूचं तापमान कुठे किती ते आधी काढ, पाणी तापवणाऱ्या इकॉनॉमायझरला एक, वाफ तापवणाऱ्या सुपरहीटरला दुसरं. जिथे जास्त आहे तिथे क्रोमियम कार्बाइड आणि निकेल-क्रोमचं मिश्रण बघ, ते साडेआठशे अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. दुसरं, राख कुठल्या कोनातून येते ते बघ. तिरकी घासत आली तर कडक थर जिंकतो, समोरून आपटली तर फार कडक आणि ठिसूळ थर टवके उडून जातो. आपल्या कोळशात राख भरपूर, तीस-चाळीस टक्के, त्यामुळे हा प्रोजेक्ट कागदापुरता नाहीये, मन लावून कर. शक्य झालं तर शटडाउनमध्ये काढलेला ट्यूबचा तुकडा मागून घे आणि त्याची झीज कुठल्या बाजूला आहे ते हाताने चाचपून बघ, एक बाजू सपाट झालेली लागेल, तीच राखेची दिशा.

प्रश्न: माझे मिस्टर मेटलायझिंगच्या शॉपमध्ये गन चालवतात. जस्ताचं काम असलं की रात्री त्यांना थंडी वाजून ताप येतो, तोंडाला कडवट चव येते, छाती भरते आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. शॉपमधले म्हणतात गूळ खा, दूध पी, सवय होते. तोंडाला रुमाल बांधतात. मला भीती वाटते. — एक ताई, इचलकरंजी

उत्तर: ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हा ताप आम्ही सगळ्यांनी काढलाय आणि आम्हालाही गूळच सांगितला होता. जस्ताच्या धुराने होणारा हा ठरलेला आजार आहे, धूर छातीत गेल्यावर काही तासांनी थंडी-ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. गूळ-दूध खाल्लं तर हरकत नाही पण त्याने धूर अडत नाही. आणि "सवय होते" म्हणतात त्यातली मेख अशी आहे की रोज धुरात राहिलं की शरीर आठवडाभर दबून राहतं, सुट्टी गेली की पहिल्या दिवशी परत ताप येतो. ती सवय नाही, रोज धूर आत जातोय त्याची खूण आहे.

रुमाल काढून टाका, त्यातून हा धूर सरळ जातो, त्याचे कण फार बारीक असतात. धातूच्या धुरासाठीचा फिल्टर लावलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा आणि बंद जागेत काम असेल तर बाहेरून हवा येणारा हूड. स्प्रेच्या जागी धूर ओढणारा एक्झॉस्ट पाहिजे आणि माणूस एक्झॉस्टच्या आणि जॉबच्या मध्ये उभा राहायला नको. दोन दिवसांत ताप उतरला नाही, दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच डॉक्टरकडे जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हे जस्ताच्या धुरात काम करतात, नाहीतर ते फ्लूचं औषध देतील. जुन्या पिवळसर नट-बोल्टांवर, प्लेटिंग केलेल्या जॉबवर काम असेल तर त्यावर कॅडमियम आहे का ते आधी विचारायला सांगा. तो धूर जस्तासारखा दुसऱ्या दिवशी उतरत नाही, माणूस दगावू शकतो.

अजून एक विचारा त्यांना, ब्लास्टिंगला काय वापरतात. नदीची वाळू वापरत असतील तर ते या तापापेक्षा कितीतरी वाईट आहे. वाळूची धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो परत फिरत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांत वाळूचं ब्लास्टिंग बंद केलं आणि आपल्या कायद्याच्या परिशिष्टातल्या आजारांत सिलिकोसिसचं नाव आहे, म्हणजे तो झाला तर कारखान्याने ते सरकारला कळवावं लागतं. स्टील ग्रिट, गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड हे सगळं मिळतं, कोटिंगही त्यानेच चांगलं बसतं, वर लोट्याच्या भाऊंना लिहिलंय ते वाचा. कानांना मफ हवेतच, गनचा आवाज दिवसभर कानावर घेतला की काही वर्षांत घरात टीव्ही मोठा लावायला लागतात.

ॲल्युमिनियमचं काम असेल तेव्हा ताप सहसा येत नाही म्हणून शॉपमध्ये निश्चिंत असतात, पण त्याची साठलेली बारीक भुकटी ठिणगीने भडकते. झाडूने उडवायची नाही, ग्राइंडरच्या बाजूला साठू द्यायची नाही आणि ओली करून बंद पिंपात भरायची नाही, त्यातून हायड्रोजन निघतो. मिस्टरांचे कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नका, आधी बाहेर झटका पण तोंडाला मास्क लावूनच. आणि हे पान फाडून त्यांच्या डब्यात ठेवा, मालकाला दाखवायला. मालकाने काही विचारलं तर मला पत्र लिहायला सांगा, मास्क कुठला आणि एक्झॉस्ट केवढा लागेल हे शॉपचं माप कळवलं तर मी सविस्तर लिहून पाठवीन.